१ चौकट उघडल्यावर पुढे काय? मायनर रंगांच्या बोलीबद्दल

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी भलत्याच प्रश्नाला उत्तर देत नाही ना, हे तुम्हाला तपासता येईल. तुम्ही आणि तुमचा भिडू ब्रिजमध्ये पाच पानी मेजर (इस्पिक-बदाम; किलवर-चौकट म्हणजे मायनर) आणि १५ ते १७ पॉइंटांचा १ नो ट्रम्प (हुकमाविना डाव), अशी नेहमीची पद्धत खेळता. इस्पिक किंवा बदाम जुळले की पुढचं सुचतं. पण बोली १ किलवर किंवा १ चौकटने सुरू झाली की दोघंही अंदाजाने बोलायला लागता. क्लबातल्या जुन्या खेळाडूंचा सल्ला एकच: ‘मायनर विसरा, ३ नो ट्रम्प म्हणा.’ परवा तो ऐकलात आणि हा डाव बसला.

तुमची पानं: इस्पिक राजा ७; बदाम ८ ४; चौकट एक्का राणी १० ६ ३; किलवर राजा राणी ९ ५.

भिडूची: इस्पिक एक्का राणी ५, बदाम ९ २, चौकट राजा गुलाम ८ ५ २, किलवर एक्का गुलाम ४.

तुम्ही १ चौकट म्हणालात, भिडूने आपले १५ पॉइंट (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १) मोजून थेट ३ नो ट्रम्प म्हटलं, बदामाची उतारी आली, समोरच्यांनी पाच हात ओढले आणि कॉन्ट्रॅक्ट (शेवटची ठरलेली बोली) एकने गेलं. ५ चौकट मात्र पत्ते टेबलावर उघडे टाकूनही झालं असतं, कारण दोन बदामांपलीकडे जाणारं काहीच नव्हतं. म्हणून तुम्ही विचारताय की मायनर कधी धरायचा आणि कधी सोडायचा.

मला यात मायनर धरण्या-सोडण्याचा प्रश्न दुय्यम वाटतो. जुन्या खेळाडूंचा सल्ला चुकीचा नाही, अर्धवट आहे. ३ नो ट्रम्पला पोचायचं हे खरं, पण तिथे पोचण्याआधी एकमेकांना एक गोष्ट विचारायची असते: असा एखादा रंग आहे का, ज्यात आपल्या दोघांकडेही काही नाही? भिडूने उडी मारली आणि हा प्रश्न विचारायची जागाच संपवली. १ चौकट आणि ३ नो ट्रम्प यांच्यामध्ये बारा बोल्या रिकाम्या होत्या, त्यातली एकही वापरली गेली नाही. मायनरमध्ये फिट (दोघांची मिळून पुरेशी पानं) आहे हे सांगायचं ते मायनर खेळण्यासाठी नव्हे. फिट नक्की झाली की या मधल्या बोल्या प्रश्नोत्तरांसाठी मोकळ्या होतात, त्यासाठी सांगायचं. हे एकदा मनात बसलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

आधी गुणांचा हिशेब, कारण सगळं तिथूनच निघतं. गेमला (बोनस मिळवून देणाऱ्या बोलीला) १०० लागतात, आणि पहिले सहा हात त्यात मोजत नाहीत. किलवर-चौकटीचे हातामागे २०, इस्पिक-बदामाचे ३०, नो ट्रम्पचे पहिल्याला ४० आणि पुढे ३०. म्हणजे मायनरला अकरा हात, मेजरला दहा, नो ट्रम्पला नऊ. हे जिने कॉन्ट्रॅक्ट ब्रिजपेक्षा जुने आहेत. ऑक्शन ब्रिजमध्ये किलवर ६, चौकट ७, बदाम ८, इस्पिक ९ आणि नो ट्रम्प १० असे भाव होते आणि गेम ३० ला होता. करून बघा, तिथेही ५, ४ आणि ३ च येतात. हॅरॉल्ड व्हँडरबिल्टने १९२५ मध्ये गुणलेखन नव्याने मांडलं तेव्हा बोनस बदलले, पण हे अंतर कायम राहिलं. तेव्हा मायनरवरचा हा सावत्रपणा शंभर वर्षांपेक्षा जुना आहे आणि तो आता जाणार नाही.

मायनरचे दोन हात जास्त काढायचे कुठून? हुकूम असण्याचा फायदा तेव्हाच, जेव्हा आखूड बाजूने हुकूम मारून जास्तीचे हात निघतात, किंवा समोरच्यांचा लांब रंग हुकमाने थांबवता येतो. यातलं काहीच नसेल तर लांब मायनर नो ट्रम्पमध्येही तेवढेच हात देतो. एक्का-राजा-राणीसह सात चौकट असतील तर हुकूम चौकट असो वा नसो, ते सात हात तुमचेच. म्हणूनच ‘गँबलिंग ३ नो ट्रम्प’ नावाची ओपनिंग बोली आहे: सात पानी भरभक्कम मायनर, बाहेर एक्का-राजा काही नाही, बाकीचं भिडूने बघावं. भरलेला लांब मायनर हा नो ट्रम्पचा माल आहे. उलट राजा-गुलामासह सहा पानं, मधे भोकं आणि बाहेरून आत यायला एन्ट्री नाही, असा रंग नो ट्रम्पमध्ये बरेचदा डमीत (टेबलावर उघड्या मांडलेल्या भिडूच्या पानांत) पडून सुकतो. दोन्ही ‘लांब मायनर’च, पण एकसारखे धरू नका.

आता ओपनिंग. इथे फार वेळ घालवत नाही. पाच पानी मेजर नसेल तर लांब मायनर. ४-४ असतील तर चौकट, ३-३ असतील तर किलवर. यातून एक उपयोगी गोष्ट निघते, जी फार थोडे जण हिशेब करून बघतात. या पद्धतीत १ चौकट तीन पानांवर उघडायची वेळ एकाच आकृतीत येते: चार इस्पिक, चार बदाम, तीन चौकट, दोन किलवर. बाकी प्रत्येक वेळी चौकट किमान चार. म्हणून भिडूच्या १ चौकटला चार पानांवर आधार द्यायला मी कचरत नाही, मात्र १ किलवरला पाच पानं शोधतो, कारण तिथे समोर तीनच असण्याची शक्यता बरीच जास्त. काही जण त्या एका आकृतीवरही १ किलवर उघडतात, म्हणजे किलवर दोन पानांचीसुद्धा असू शकते. तुमच्यात काय ठरलंय ते मला माहीत नाही. तसं ठरलं असेल तर किलवरच्या आधाराला पाचाखाली जाऊच नका, आणि समोरच्यांनाही ते सांगायला हवं.

उत्तर देताना पहिला मान मेजरचा. चार पानी मेजर आहे आणि गेमपर्यंत नेण्याइतके पॉइंट नाहीत, तर मायनरला कितीही आधार असो, आधी मेजर सांगा. मी याच्या एक पाऊल पुढे जातो. समजा भिडूने १ किलवर म्हटलं आणि तुमच्याकडे हे आहे: इस्पिक राजा गुलाम ७ ३, बदाम ६ २, चौकट राणी १० ८ ६ ४, किलवर ९ ५. पुस्तकी शिस्त म्हणते लांब रंग आधी, म्हणजे १ चौकट. मी १ इस्पिक म्हणतो. सहा पॉइंटांवर दुसऱ्यांदा बोलायची ऐपत नाही. समोरच्यांनी मधे बदाम घातले की इस्पिक कायमचे गडप. याला वॉल्श पद्धत म्हणतात. हीच आकृती तेरा पॉइंटांवर असेल तर मात्र आधी १ चौकट, मग इस्पिक, कारण तेव्हा बोली थांबणार नाही याची खात्री तुमच्याच ताब्यात असते. याचा दुसरा फायदा ओपनरला, म्हणजे बोली उघडणाऱ्याला होतो. १ किलवर, १ चौकट झाल्यावर त्याच्याकडे चार पानी मेजर असला तरी समतोल पानांवर तो निश्चिंतपणे १ नो ट्रम्प म्हणू शकतो. भिडूकडे मेजर असेल तर तो तगडाच असणार आणि पुढच्या फेरीत तो सांगणारच. पण हे दोघांनी मिळून ठरवायचं. एकाने वॉल्श आणि दुसऱ्याने लांब-रंग-आधी खेळलं तर चार-चारची इस्पिक फिट हमखास हुकते.

मेजर नाही आणि मायनरला आधार आहे, इथे तुमचा परवाचा डाव येतो. तुम्ही जुन्या तऱ्हेने खेळता, म्हणजे २ चौकट कमजोर आणि ३ चौकट दहा-अकरा पॉइंटांचं आमंत्रण. मग पंधरा पॉइंटांवर काय म्हणायचं? २ म्हटलं तर भिडू पास करेल, ३ म्हटलं तरी पास करू शकेल, म्हणून बिचाऱ्याने नो ट्रम्प म्हटलं. दोष त्याचा कमी आणि पद्धतीचा जास्त आहे. यावर मी शिकवताना सगळ्यात आधी करायला लावतो तो बदल म्हणजे ‘इन्व्हर्टेड मायनर’: हे दोन अर्थ उलटे करायचे. एडगर कॅप्लन आणि आल्फ्रेड शाइनवोल्ड यांच्या पद्धतीतून ही रीत आली आणि आता जगभर चालते. १ चौकट, २ चौकट म्हणजे दहा किंवा जास्त पॉइंट, चार पानी मेजर नाही, आणि ओपनरने पास करायचा नाही. १ चौकट, ३ चौकट म्हणजे कमजोर पानं, पाच किंवा जास्त चौकट, समोरच्यांची वाट अडवायला मारलेली उडी.

उलटं का करायचं, हे जागेच्या हिशेबाने सरळ आहे. तगड्या पानांना विचारायला जागा हवी, म्हणून त्यांनी खाली राहायचं. कमजोर पानांना सांगण्यासारखं काही नसतं, पण समोरच्यांकडे मेजर नक्की असतात, म्हणून त्यांची जागा खायची.

यानंतर दोघांनी स्वस्तातल्या स्वस्त बोलीने स्टॉपर (समोरच्यांना त्या रंगात अडवणारं पान) सांगत वर जायचं. २ बदाम म्हणजे बदामात स्टॉपर आहे. बदाम ओलांडून २ इस्पिक म्हणजे इस्पिकमध्ये आहे, बदामात नाही. दोन्ही मेजर सांभाळलेले असतील तर २ नो ट्रम्प. तुमचा डाव आता पुन्हा बोलून बघू. तुम्ही १ चौकट, भिडू २ चौकट. तुम्ही २ इस्पिक. इथेच भिडूचे कान टवकारायला हवेत, कारण तुम्ही बदाम गाळलेत आणि त्याच्याकडे नव्वी-दुर्री आहे. तो ३ किलवर म्हणतो: किलवर सांभाळले आहेत, बदाम माझ्याकडेही नाहीत, नाहीतर मी नो ट्रम्प म्हटलं असतं. तुम्ही ३ चौकट: जास्तीचं काही नाही, आणि तेच भोक मलाही दिसतंय. भिडू ५ चौकट. बास. स्लॅमचा (बारा-तेरा हातांच्या बोलीचा) मोह त्याला का होऊ नये? तुमच्याकडे बदामाचं एकच पान असतं तर तुम्ही २ चौकटनंतर उडी मारून ते सांगितलं असतं. सांगितलं नाहीत, म्हणजे दोन बदाम जाणार हे त्याला ३ चौकटपर्यंत कळून चुकलेलं असतं. नॉन-व्हल्नरेबल (बोनस आणि दंड दोन्ही कमी असलेल्या स्थितीत) असाल तर उणे ५० च्या जागी अधिक ४००.

‘आणि बदामात अर्धवट काहीतरी असेल तर?’ असं तुम्ही विचाराल. राणी-दुर्री, किंवा गुलामासह तीन पानं. इथे मी ठाम नियम देणार नाही, कारण तो परिस्थितीवर ठरतो. समोरच्यांनी तो रंग बोललेला असेल तर अर्ध्या स्टॉपरला मी काडीची किंमत देत नाही. कुणीच काही बोललेलं नसेल आणि बाहेर नऊ हात एका दमात मोजता येत असतील तर धोका पत्करतो. निम्म्याहून जास्त वेळा तो रंग समोरच्यांत ४-४ वाटलेला असतो किंवा उतारीच दुसऱ्या रंगाची येते. नऊ हात जमवायला एकदा तरी समोरच्यांकडे डाव द्यावा लागणार असेल तर मात्र नाही. आणखी एक बघायचं: नो ट्रम्प कुणाच्या बाजूने खेळला जातोय? राजा-दुर्री हा स्टॉपर खेळणाऱ्याच्या हातात असेल तर पहिल्या उतारीला शाबूत राहतो. तोच डमीत उघडा पडला तर पहिल्याच उतारीला त्याच्या मागे बसलेला एक्का त्याला टिपतो. म्हणून कुणाकडे एक्का-राणी किंवा राजा-दुर्री आहे आणि कुणाकडे एक्का-तिर्री, याचा अंदाज घेऊन राजा किंवा एक्का-राणीवाल्याने नो ट्रम्प म्हणावा आणि नुसत्या एक्कावाल्याने शक्यतो ते त्याच्यावर सोडावं.

समोरचे मधे बोलले तर गोष्ट सोपी होते, अवघड नाही. त्यांनी स्वतःच दुखरी जागा दाखवून दिलेली असते. १ चौकट, मधे १ बदाम, तर भिडूची २ बदाम ही बोली म्हणजे चौकटीला चांगला आधार आणि दहा-वर पॉइंट. बदामात स्टॉपर असेल तर तू नो ट्रम्प म्हण. आणि साधी २ चौकट आता पुन्हा कमजोर होते, कारण इन्व्हर्टेड मायनर मधे बोली आली की बंद. हे शेवटचं वाक्य भिडूसोबत बसून मोठ्याने वाचा. जोड्यांमध्ये सगळ्यात जास्त गोंधळ मी इथेच बघितला आहे.

आतापर्यंतचं एका दमात: मेजर आधी, मग आधार, मग स्टॉपर, आणि भोक दिसलं तरच ३ नो ट्रम्पच्या पलीकडे. पलीकडे जायचं दुसरं एकच कारण म्हणजे स्लॅम. तिकडे वळतो, कारण माझ्या मते मायनरमधला खरा पैसा तिथे आहे आणि तो बहुतेक जोड्या टेबलावर सोडून उठतात.

नॉन-व्हल्नरेबल ६ किलवरला ९२०, ६ बदामला ९८०, ६ नो ट्रम्पला ९९०. गेमच्या पातळीवर मायनरचा जो तोटा आहे तो इथे जवळजवळ पुसला जातो, कारण ५०० चा स्लॅम बोनस सगळ्यांना सारखाच. बारा हात लागतात हेही सारखंच. तरी लोक मायनर स्लॅम चुकवतात, कारण ३ नो ट्रम्पचा बोर्ड दिसला की थांबायची सवय लागलेली असते.

पुढचा डाव मी शिकवताना वापरतो. ओपनरची पानं एकच, भिडू दोन वेगवेगळे.

ओपनर: इस्पिक ६, बदाम एक्का ८ ४, चौकट एक्का राजा ७ ३, किलवर राजा राणी १० ६ २. सोळा पॉइंट.

पहिला भिडू: इस्पिक ९ ५ ३, बदाम राजा ६, चौकट राणी ८, किलवर एक्का गुलाम ९ ७ ५ ३. दहा पॉइंट.

दुसरा भिडू: इस्पिक राजा राणी ५, बदाम ९ ६ २, चौकट राणी ८, किलवर एक्का गुलाम ९ ७ ५. बारा पॉइंट.

पुढे वाचण्याआधी ठरवा, कुणाबरोबर ६ किलवर होतील?

पहिल्याबरोबर. एकूण पॉइंट २६, आणि इस्पिकच्या एका हाताशिवाय काही जात नाही: ओपनरच्या बाजूने दोन इस्पिक मारायचे, भिडूच्या बाजूने तिसरा बदाम आणि चौथी चौकट, आणि हुकूम अकरा असल्याने ते पुरून उरतात. दुसऱ्याबरोबर पॉइंट २८, पण इस्पिकचा एक्का आणि एक बदाम असे दोन हात जातात. चौकटीच्या तिसऱ्या पानावर डमीतला एक बदाम टाकता येतो, इस्पिकच्या राणीवर ओपनरचा एक, तरी एक उरतोच. मात्र दुसऱ्याबरोबर ३ नो ट्रम्पचे नऊ हात वरच्या वर मोजता येतात: पाच किलवर, तीन चौकट, एक बदाम. आणि पहिल्याबरोबर ३ नो ट्रम्प म्हणजे पुन्हा तुमचा परवाचा डाव; नऊ इस्पिक समोर, उतारी त्यांची.

पॉइंट दोनने वाढले आणि एक हात कमी झाला. फरक कुठे आहे ते बघा. ओपनरच्या एकट्या इस्पिकसमोर राजा-राणी म्हणजे पाच पॉइंट हुकमाच्या डावात जवळपास वाया; तेच नो ट्रम्पला सोन्यासारखे. तीन भुरटी पानं हुकमाच्या डावात उत्तम, नो ट्रम्पला जहर. तेव्हा ओपनरने सांगायची गोष्ट म्हणजे सोळा पॉइंट नव्हे, एकटं इस्पिक. १ किलवर, २ किलवर झाल्यावर तो ३ इस्पिक म्हणतो. ही उडी म्हणजे स्प्लिंटर: या रंगात माझं एकच पान किंवा तेही नाही, आणि गेमची ताकद आहे. दुसरा भिडू आपल्या राजा-राणीकडे बघून ३ नो ट्रम्प म्हणतो आणि विषय संपतो. पहिल्या भिडूला त्याच बोलीने आनंद व्हायला हवा. त्याचे दहाच्या दहा पॉइंट कामाच्या रंगांत आहेत, इस्पिकमध्ये एकही वाया नाही. तो पुढे जातो.

पुढे कसं जायचं, इथे किलवरची एक जुनी अडचण आहे. ईझ्ली ब्लॅकवुडच्या ४ नो ट्रम्पला एक एक्का असेल तर उत्तर ५ चौकट. हुकूम किलवर असताना तेवढ्यानेच ५ किलवर मागे पडतात. दोन एक्के कमी आहेत हे कळतं, पण थांबायला जागा उरत नाही. म्हणून फिट ठरल्यानंतर आणि गेम नक्की असताना ४ किलवर किंवा ४ चौकट हीच बोली की-कार्ड (चार एक्के आणि हुकमाचा राजा) विचारण्यासाठी वापरायची. याला मायनरवुड म्हणतात. आपल्या डावात पहिला भिडू ४ किलवर म्हणतो, ओपनर तीन की-कार्ड सांगतो (दोन एक्के आणि हुकमाचा राजा), भिडूकडे हुकमाचा एक्का धरून चार होतात, पाचवा इस्पिकचा एक्का नाही हे उघड, आणि ६ किलवर. उत्तर चारच्याच पातळीवर आलं, म्हणजे वाईट उत्तर असतं तरी ५ किलवरवर थांबता आलं असतं.

यात एक धोका आहे आणि तो मी लपवत नाही. ४ किलवर कधी प्रश्न असतो आणि कधी साधी ‘नो ट्रम्प नको’ असं सांगणारी बोली, हे ठरलेलं नसेल तर मायनरवुड न खेळलेलं बरं. माझ्या जोडीत नियम एवढाच आहे: फिट आधी उघडपणे ठरलेली असेल आणि गेम पक्का झालेला असेल तर प्रश्न, नाहीतर नाही. यामुळे कधीकधी हवी तेव्हा बोली मिळत नाही. ते मला परवडतं. एक जण प्रश्न विचारतोय आणि दुसरा पास करतोय, हे परवडत नाही.

कमजोर पानांबद्दल दोन शब्द. १ चौकटवर सात पॉइंट, चार चौकट आणि समतोल आकृती असेल तर ३ चौकटची उडी मारू नका, १ नो ट्रम्प म्हणा. नऊ चौकटीपेक्षा सात नो ट्रम्प सोपे असतात. ३ ची उडी पाच पानांवर आणि कुठेतरी आखूड रंग असेल तरच. मायनरच्या पार्ट-स्कोअरमध्ये (गेमहून खालच्या बोलीच्या गुणांत) फार गुंतू नका. ३ किलवर झाले तर ११०, २ नो ट्रम्प झाले तर १२०, त्यात आयुष्य घालवण्यासारखं काही नाही.

आता जे तुमच्यावर अवलंबून आहे ते. तुम्ही कोणत्या हिशेबाने खेळता हे लिहिलेलं नाही, आणि त्याने उत्तर बदलतं. पेअर्समध्ये तुमची तुलना त्याच पत्त्यांवर बसलेल्या बाकी सगळ्यांशी होते. त्यांनी ३ नो ट्रम्पमध्ये दहा हात करून ४३० घेतले आणि तुम्ही सुरक्षित ५ चौकट करून ४०० घेतले, तर त्या तीस गुणांनी जवळपास शून्य मिळतं. म्हणून पेअर्समध्ये मी अर्ध्या स्टॉपरवरही नो ट्रम्पकडे झुकतो आणि पाच मायनरला भोक अगदी स्पष्ट दिसलं तरच जातो. टीमच्या सामन्यात त्याच तीस गुणांचा एक इम्प (टीममध्ये फरक मोजायचं एकक). उलट व्हल्नरेबल असताना दुसऱ्या टेबलावर ५ चौकट झाले, ६००, आणि तुम्ही ३ नो ट्रम्प एकने घालवला, उणे १००, तर ७०० चा फरक, बारा इम्प. एक वाचवण्यासाठी बारा लावायचे नाहीत, हा टीममधला माझा हिशेब. तिथे सावकाश बोला, सगळे स्टॉपर विचारा, ५ मायनरची लाज बाळगू नका.

आणि घरी चार जण जमून रबर खेळत असाल, जे तुमच्या वर्णनावरून मला जास्त शक्य वाटतं, तर खालच्या रेषेकडे बघा, जिथे बोलून जिंकलेल्या हातांचे गुण साठत जातात. तिथे आधीचे ४० जमा असतील तर ३ किलवरचे ६० मिळून गेम होतो. ६० असतील तर २ चौकटही पुरतात. अशा वेळी मायनर मेजरच्या बरोबरीला येतो, आणि तुमच्या परवाच्या डावात, रेषेखाली ४० असते तर, ३ चौकटवरच पास करून गेम घ्यायचा होता.